गाठोडी घेऊन कुंदाच्या तपासणीला

आमच्या कुंदाला भेटायला मुंबईला जायचं ठरलं ते पोस्टमास्तरांच्या मुलामुळे. तो चार दिवस मुंबईला जाऊन आला आणि वाचनालयाच्या पायरीवर बसून सांगू लागला, की हेडमास्तरांची कुंदा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात दिसली, अगदी पुढच्या रांगेत, आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. आवाजाचं ऐकलं तेव्हा माझी खात्री पटली. कुंदा लहानपणी रडायला लागली की बंदरावरची माणसं मान वर करून आमच्या घराकडे बघत.

हेडमास्तर म्हणजे आमचे हे. देवगडजवळच्या आमच्या गावात संयुक्त महाराष्ट्रासाठी ह्यांच्याइतकं कोणी झिजलं नसेल. वाचनालयात दर पंधरवड्याला ह्यांचं भाषण. ते सह्याद्रीपासून सुरू होतं, कृष्णा-गोदावरी ओलांडतं आणि शेवटी ठरलेल्या वाक्यावर येऊन थांबतं: "ज्या घरानं या कार्याला आपलं एक तरी मूल दिलं नाही, त्या घरानं महाराष्ट्राचं नाव घेऊ नये!" मग टाळ्या. मला ते भाषण ह्यांच्याहून चांगलं पाठ आहे, कारण ह्यांना मधेच अडल्यावर मी पदराआडून पुढचा शब्द सांगते.

पण कुंदाची बातमी आली त्या रात्री हे जेवले नाहीत. "मुलगी शिकायला पाठवली आहे, घोषणा द्यायला नाही. प्रत्यक्ष बघू, वडीलधाऱ्यांचं मत घेऊ, आणि सहामाही झाली की घरी आणू." शिवाजी जन्मावा पण शेजारच्या घरात, ही म्हण ह्यांच्या भाषणात नव्हती, पण पोटात होती.

मला सातवीतून काढलं आणि लग्न लावून दिलं. कुंदा बी. ए. झालेली मला बघायची होती. ती मुंबईला गेली तेव्हा गावानं नावं ठेवली, ती मी हसून ऐकली. आता ती अर्ध्यावर परत आली असती तर मी पुन्हा हसू शकले नसते.

जाण्याची खबर कुंदाला द्यायची नाही, असा ह्यांचा हुकूम होता. "आधी कळवून आलेली तपासणी ती कसली तपासणी?" शाळा तपासायला साहेब येणार हे आठ दिवस आधी कळलं की हे स्वतः भिंतींना चुना काढून घेतात, ते सोडून द्या.

ज्यांच्या लेकी मुंबईला शिकतात त्या आयांना पहिली सूचना: आपण मुंबईला निघालो हे गावात कोणाला सांगू नका. आमच्याकडे रीत अशी, की मुंबईला जाणाऱ्याच्या हाती सगळ्यांनी आपापल्या माणसासाठी गाठोडं द्यायचं. शुक्रवारी दुपारपर्यंत ओटीवर गाठोड्यांची रास झाली. कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळी, कोणाचे पापड, कोणाचं कैरीचं लोणचं. शेजारच्या पार्वतीकाकूंनी लालबागच्या गिरणीत असलेल्या बाबलसाठी सोडे दिले. सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी. फडक्याला कितीही गाठी मारा, ती आपली ओळख स्वतःच देते. "बाबलाच्या हातातच दी हां गो," काकू म्हणाल्या.

"लालबागला आपण जाणार नाही," हे म्हणाले. "तिथलं वातावरण सध्या बरं नाही. बाबल गिरगावात येऊन घेऊन जाईल."

आगबोटीचा प्रवास ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी सांगते. बोट लांब उभी राहते, तिथवर पडावातून जायचं आणि शिडीनं वर चढायचं. हलत्या शिडीवर नवऱ्याचा हात धरू नका, खलाशाचा धरा. डेकवर पथारी टाकताना वारा कुठून येतो ते आधी बघा, नाहीतर शेजाऱ्याला लागलेली बोट तुमच्या अंगावर येते. लिंबू आणि आवळासुपारी जवळ ठेवा. ह्यांनी दोन्हींची थट्टा केली आणि बंदरावरचे दिवे दिसेनासे होताच दोन्ही मागून घेतली.

शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्याला उतरलो. घोडागाडी करून गिरगावात वन्संच्या चाळीत गेलो. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. दोन खोल्यांत सात माणसं, पण आम्हांला नको म्हणण्याची टाप कोणाची नाही. मुंबईत उतरून वन्संकडे न उतरणं म्हणजे भाऊबीज बंद. चहा हातात देतानाच त्यांनी निकाल दिला, "मुलीचं लग्न करून टाक. मोर्चाला जायला वेळच उरणार नाही."

होस्टेल माटुंग्याला. आईबापांनी भेटण्याची वेळ फक्त रविवारी चार ते सहा. म्हणजे शनिवार मोकळा. मोकळा कसला? मी कधी न पाहिलेली राणीची बाग, म्युझियम, चौपाटी, सगळं जवळच होतं, आणि आम्ही गाठोडी वाटत हिंडत होतो. ठाकुरद्वारला पापड, परळला पीठ, कॉटन ग्रीनच्या गोदामात आमसुलं. प्रत्येक घरी पोहे किंवा शिरा आणि "एवढ्या लांबून आलात, बसा तरी." न बसलं तर गावाला कळतं. ट्रामचं भाडं स्वस्त, पण आणे द्यावे की नवे पैसे यावर कंडक्टर आणि हे यांचा वाद एकदा सुरू झाला की गिरगावाचं परळ येई. मुंबईची मला एक गोष्ट मनापासून आवडली. इथल्या भिंतींवर ह्यांचं भाषण जागोजाग लिहिलेलं होतं, आणि तेही चार शब्दांत.

संध्याकाळी शिवाजी पार्कला अण्णासाहेबांकडे गेलो. हे ह्यांचे चुलतभाऊ, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आणि होस्टेलच्या कागदावर कुंदाचे मुंबईतले पालक. त्यांच्या घरात खुर्च्यांनाही कपडे घातलेले होते. मी फणसपोळीचं गाठोडं पुढे केलं. जाऊबाईंनी ते दोन बोटांनी उचलून गॅलरीत ठेवलं.

"कुंदाची काळजी करू नका," अण्णासाहेब म्हणाले. "दर रविवारी इथे असते. माझ्या नजरेखाली."

"मग मोर्चात कोण दिसलं?" मी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. अण्णासाहेब म्हणाले, "वहिनी, आजकालच्या मुलींचं काही सांगता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे, तिला घेऊन जा." दर रविवारी नजरेखाली असलेल्या मुलीविषयी हे मत. पण हे मान डोलावत होते. दोन वडीलधारे झाले, निकाल लागला. परतताना ट्राममध्ये मी खिडकीबाहेर बघत रडले. ह्यांना वाटलं डोळ्यात कण गेला.

गावाहून गाठोडं आलंय, एवढाच निरोप बाबलला परळहून धाडला होता; तो रविवारी येईल म्हणून दुपारपर्यंत थांबलो. तो आला नाही. सोड्यांना आता दोन दिवस झाले होते आणि वन्संच्या चाळीतली मांजरं आमच्या दारात बसून होती. शेवटी ते गाठोडं तसंच घेऊन आम्ही माटुंग्याची ट्राम धरली.

लालबागला ट्राम थांबली. पुढे नुसती माणसं. संध्याकाळी शिवाजी पार्कला सभा होती आणि गिरण्यांतले लोक झेंडे घेऊन निघाले होते. कंडक्टर म्हणाला, "उतरा मास्तर, आता गाडी हलत नाय. घोषणा द्यायची तर चालत जावा, नाय द्यायची तरी चालतच जावा."

चार वाजून गेले होते. दोन दिवस सगळ्यांच्या लेकरांची खुशाली घेत हिंडलो आणि स्वतःच्या लेकीचं तोंड बघायचं राहिलं, म्हणून मी रस्त्यातच ह्यांना नको ते बोलले. ह्यांनी हातातल्या गाठोड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "गर्दी सरेपर्यंत निदान हे गाठोडं तरी देऊन टाकू."

बाबलची चाळ विचारत जावं लागलं नाही. आमच्या गावच्या माणसांचा गाळा तळमजल्यावरच होता, आणि भाकऱ्या थापल्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. दारात बाबल दिसला. बाबल ह्यांच्या हाताखाली शिकलेला, आणि बऱ्याच छड्या खाल्लेला.

"मास्तरानू! तुमी हय खय?" त्यानं वाकून नमस्कार केला. "आज माका येवक जमला नाय. घाटावरची माणसां येतहत सभेक, तेंका भाकरी व्हयी."

आत पाचसहा बाया चुलींपाशी बसल्या होत्या. त्यांच्यात एक मुलगी कोपरापर्यंत पिठानं माखलेली, परातीत भाकरी थापत होती. भाकरीचा आकार बघूनच मी ओळखलं. इतकी वेडीवाकडी भाकरी आमच्याच घरात होते.

"आई!" कुंदा ओरडली, आणि सगळी चाळ गप्प झाली.

"अगो बाय, कुंदाची आवस इली!" एक म्हातारी म्हणाली. "बस गो. तुझा चेडू दर आयतवारी येता हय. सुरवातीक होस्टेलात मासे गावनत नाय म्हणान येय, आता कामाक येता. पण भाकरी एक गोल होत नाय."

म्हणजे दर रविवारी अण्णासाहेबांच्या नजरेखाली असलेली कुंदा ही अशी. त्यांच्याकडे ती गणपतीनंतर फिरकलीच नव्हती. होस्टेलात मात्र त्यांचंच नाव सांगून निघायची.

ह्यांचा चेहरा लाल झाला. मोर्चाबद्दल जे बोलायचं ते बोटीपासून तयार होतं. पण तयारी घोषणांची होती, भाकऱ्यांची नव्हती. मुलीला स्वयंपाक येत नाही म्हणून इतकी वर्षं मला बोलणाऱ्या माणसानं, मुलीला चुलीपाशी का बसलीस म्हणून कसं रागवायचं?

"कुंदे, हात धू," ते शेवटी म्हणाले. "सामान बांध. उद्याच्या बोटीनं घरी."

कुंदानं हात धुतले नाहीत. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि तिचं रडणं कुठवर ऐकू जातं ते मला माहीत होतं. ह्यांच्याशी वाद घालून मी आजवर कधी जिंकलेली नाही. मी बाबलला बाजूला घेतलं. "बाबल, एवढी माणसं जमलीत. मास्तरांना दोन शब्द बोलायला सांग की."

"मास्तरानू, दोन शब्द बोला!" बाबल मोठ्यानं म्हणाला. "आमी शाळेत ऐकलेला अजून इसरूक नाय!"

भाषण नाकारणं ह्यांच्या रक्तात नाही. कोणीतरी पालथं घंगाळ आणून ठेवलं. हे त्यावर चढले, उपरणं सारखं केलं आणि सह्याद्रीपासून निघाले. अंगणात माणसं जमत गेली, गॅलऱ्या भरल्या. कृष्णा झाली, गोदावरी झाली. वाचनालयात कधी चढला नव्हता असा आवाज चढला. आणि मी वाट बघत होते ते वाक्य आलं. "ज्या घरानं या कार्याला आपलं एक तरी मूल दिलं नाही, त्या घरानं..."

"मास्तरांनी आपला चेडू दिल्यानी!" ती मघाची म्हातारी ओरडली.

मास्तरांनी लेक दिली म्हणून अंगण दणाणलं. बायांनी पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांचा उजवा हात वर होता तो वरच राहिला. पुढचे शब्द अडले. नेहमीसारखं हे माझ्याकडे वळले, मी सांगावं म्हणून. मी पहिल्यांदाच सांगितले नाहीत.

हे घंगाळावरून उतरले. सामान बांधायचं नाव कोणीच काढलं नाही. सोड्यांचं कालवण झालं, भाकऱ्या टोपल्यांत भरल्या गेल्या आणि आम्ही तिघं गर्दीबरोबर दादरपर्यंत चालत गेलो. तिथून माटुंग्याला होस्टेलच्या फाटकाशी कुंदाला सोडलं. भेटीची वेळ संपली होती, पण माझ्या पदराला तिच्या हाताचं पीठ लागलं होतं आणि मला तेवढं पुरेसं होतं.

सोमवारी धक्क्यावर परतीची गाठोडी आली. मुंबईची माणसंही गावाला काही पाठवल्याशिवाय सोडत नाहीत. बाबलनं पार्वतीकाकूंसाठी लुगडं दिलं. त्याच्याच हाती आलेलं कुंदाचं गाठोडं सगळ्यांत लहान होतं, आत वाटेसाठी तिच्या दोन भाकऱ्या. रत्नागिरी मागे पडल्यावर ह्यांनी ते सोडलं. "गोल नाही," म्हणाले, आणि दोन्ही खाल्ल्या. मला अर्धीसुद्धा विचारली नाही.

मग काय राहिलं, असं लोक विचारतात. राणीची बाग राहिली, चौपाटी राहिली, अण्णासाहेबांनी बोलणं टाकलं. पंधरवड्यानंतर वाचनालयात ह्यांचं भाषण होतं. सह्याद्री, कृष्णा, गोदावरी. "ज्या घरानं..." म्हणाले आणि थांबले. पाणी मागितलं, प्यायले, आणि खाली बसले. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. ते वाक्य पुढे राज्य मिळेपर्यंत ह्यांनी पुन्हा उच्चारलं नाही.

त्या रात्री घरी येताना कंदील माझ्या हातात होता. घराच्या वळणाशी हे थांबले. मग म्हणाले, "कुंदाला दोन ओळी लिही. मोर्चात पुढे नको म्हणावं, मधेही नको. कडेकडेनं चाल."

मी तसंच लिहिलं. खाली माझं एक वाक्य घातलं, की भाकरीच्या पिठात पाणी बेतानं घाल.