तेरा पौंड जादा

"पुढे वाच," सार्जंट हमद म्हणाला.

"संपलं. एवढंच आहे," मी म्हणालो.

तो माझ्या टेबलासमोर सावधान उभा होता. मी त्याला नवीन फिटनेस टेस्टचा हुकूम वाचून दाखवत होतो. साठच्या दशकातली गोष्ट. आज ज्याला यूएई म्हणतात त्याला तेव्हा ते नाव नव्हतं. शारजाला इंग्रज अफसरांच्या हाताखाली एक फौजी कॅम्प होता आणि मी तिथल्या ट्रेनिंग ऑफिसात क्लार्क होतो. रत्नागिरीच्या खाडीकाठचा, मॅट्रिक पास, टायपिंगला पटाईत. माझ्या मामूंनी शब्द टाकून लावलेली नोकरी. येऊन आठ महिने झाले होते. कॅप्टनसाहेब सगळ्यांना सांगायचे, "इस्माईल चुकत नाही." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

हमद पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानचा. चाळिशीला आलेला, अकरा वर्षं नोकरी झालेला, तीस जवानांचा इन्स्ट्रक्टर. लिहिता-वाचता यायचं नाही. पण एकदा ऐकलेलं शब्दन् शब्द लक्षात ठेवायचा. आमचं बोलणं मोडक्या हिंदुस्तानीत आणि थोड्या अरबीत चालायचं. मला तो 'कातिब' म्हणायचा, म्हणजे कारकून.

जुनी टेस्ट सोपी होती. कॅनव्हासचे बूट, हाफ पँट, एक मैल धावायचं, दोरावर चढायचं. पस्तिशीच्या वरच्यांना माफी. नवीन हुकूम वेगळाच होता. पूर्ण युनिफॉर्म, जड बूट, पाठीवर पॅक, हातात रायफल आणि नऊ मैल दोन तासांच्या आत. वयाची माफी बंद. जो पास होणार नाही त्याला घरी पाठवणार. टेस्टला चार आठवडे होते.

"म्हणजे मी पण?" हमदने विचारलं.

"तू पण."

"आणि पॅकमध्ये वजन किती?"

"पस्तीस पौंड."

त्याने मान डोलावली. "इन्शाल्ला," म्हणाला आणि गेला.

हुकूम कागदाच्या दोन्ही बाजूंना सायक्लोस्टाइल केलेला होता. पहिली बाजू 'एकूण वजन पस्तीस पौंड' या शब्दांवर संपत होती. मी कागद उलटला नाही. जेवणाची सुट्टी झाली होती.

त्याच दुपारी मी हमदबरोबर स्टोअरला गेलो. पिशव्यांत वाळू भरली. काटा मीच धरला. तीस पिशव्या बरोबर पस्तीस पौंडांच्या, आणि एकतिसावी हमदची. दुसऱ्या दिवसापासून पहाटे, पॅकमध्ये ती पिशवी, हातात रायफल आणि कमरेला पाण्याची बाटली घेऊन त्यांची रपेट सुरू झाली. कॅम्पच्या गेटपासून धावपट्टीच्या कडेने एका घाफच्या झाडापर्यंत आणि परत. ती पोरं चपलेत वाढलेली. बुटांनी टाचा सोलून निघाल्या. हमद सगळ्यांत पुढे असायचा.

सहाव्या दिवशी मी तो हुकूम फाइलला लावायला घेतला. पंच करताना कागद उलटा झाला. मागच्या बाजूला वाक्याचा उरलेला भाग होता: 'रायफल आणि भरलेली पाण्याची बाटली धरून.'

रायफल दहा पौंडांची. भरलेली बाटली तीन पौंडांची. म्हणजे माझ्यामुळे प्रत्येक माणूस तेरा पौंड जादा घेऊन धावत होता.

मी उठलो नाही. खिडकीतून रपेट परतताना दिसत होती. उद्या सांगू, असं मी ठरवलं. मग स्वतःची समजूत घातली: सरावात जास्त वजन असलं तर काय बिघडलं? टेस्ट सोपी जाईल. हे कारण मला इतकं पटलं की मी निवांत चहा प्यायलो. खरं कारण वेगळं होतं. 'इस्माईल चुकत नाही' हे वाक्य मला मोडायचं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात हमद पाय ओढत ऑफिसात आला. उजवा गुडघा कापडाने घट्ट बांधलेला. सूज कापडाच्या वर आली होती.

"कातिब, तो कागद परत एकदा वाच. पोरं म्हणतात वजन फार होतंय. मी त्यांना म्हटलं, इस्माईलने वाचलंय, बरोबरच असणार. तरी एकदा वाच."

मी फाइल काढली. कागद त्याच्यासमोर धरला. पुढची बाजू पहिल्यापासून वाचली आणि 'पस्तीस पौंड' आल्यावर थांबलो.

"खलास?" त्याने विचारलं.

"खलास."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मला घरी पाठवलं तर मी करू काय? बापाची होडी भाऊ चालवतो. मला समुद्र विसरून अकरा वर्षं झाली." आणि तो गुडघा धरून पायऱ्या उतरला.

टेस्टच्या सकाळी कॅप्टनसाहेब स्प्रिंगचा काटा घेऊन आले. पहिलाच पॅक लटकवला, त्यावर रायफल आणि बाटली चढवली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अठ्ठेचाळीस! हे कोणी ठरवलं?"

हमद पुढे आला. "साहेब, कातिबने वाचलं तसं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तीस जवान माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला मला एक श्वास पुरला असता.

"सर, मी बरोबर वाचलं होतं," मी इंग्रजीत म्हणालो. "सार्जंटचा ऐकण्यात घोटाळा झाला असेल."

हमदला तेवढं इंग्रजी कळायचं. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून स्वतःच्या पॅकची गाठ सोडायला लागला. साहेबांनी विषय तिथेच संपवला. वाचता येणारा माणूस एका बाजूला आणि न येणारा दुसऱ्या, मग त्यांना विचार तो काय करायचा होता?

जादा वाळू काढून टाकली. जवान हलके झाले आणि सगळे दोन तासांच्या आत परतले. हमद सहाव्या मैलाला खाली बसला. ट्रकमधून आणला त्याला. डॉक्टरांनी गुडघा पाहून लिहिलं: कायमचा अनफिट. महिन्याभरात तो घरी गेला. जाताना त्याचेच जवान मागून हसत होते. "हमदने ऐकलं चुकीचं आणि आपल्याला गाढव केलं."

मी ते ऐकलं आणि गप्प बसलो.

चार महिने गेले. कोणी हुकूम वाचायला सांगितला की मी आधी कागद उलटून बघायचो. शेवटी एक दिवस रेशनचा ट्रक पूर्व किनाऱ्याला निघाला, त्यात मी चढलो. तेव्हा डोंगरातून रस्ता नव्हता. कोरड्या नदीच्या पात्रातून, दगडांवरून, हाडं खिळखिळी करत ट्रक दुपारी खोर फक्कानला पोहोचला. हमद खजुराखाली जाळं विणत बसला होता. उजवा पाय सरळ पसरलेला. त्याने मला बसायला चटई दिली. गहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, दिली, खजूर पुढे केले.

मी सगळं सांगितलं. मागची बाजू, सहावा दिवस, दुसऱ्यांदा वाचलेलं. मान वर करवत नव्हती.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तू साहेबाशी इंग्रजीत बोललास तेव्हापासून. माझ्याशी तू नेहमी आपल्या मोडक्या भाषेत बोलायचास. त्या दिवशी मला कळू नये म्हणून इंग्रजी काढलंस."

"मग तू काही बोलला का नाहीस?"

"कागद तुझ्या हातात होता. माझ्या हातात काय होतं?"

मी माफी मागितली. त्याने जाळं बाजूला ठेवलं.

"मला सांगून काय उपयोग, हबीबी? मी तर होतोच तिथे. माझ्या पोरांना सांग. ती मला गाढव म्हणतात."

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या परेडला मी कॅप्टनसाहेबांची परवानगी मागितली. कशासाठी ते आधी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ पेन्सिल आपटत राहिले. मग म्हणाले, "जा. बोल."

त्या तीस जणांसमोर मी तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला, मोडक्यातोडक्या अरबीत. चूक माझी होती, कळल्यावर लपवली मी, आणि खोटं बोललो तेही मीच, असं सांगितलं. मागच्या रांगेतला एकजण थुंकला.

त्याच आठवड्यात मला ट्रेनिंग ऑफिसातून काढून स्टोअरला टाकलं. मामू दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. हमदला परत घेता आलं नाही. गुडघा गेला होता, आणि माझ्या कबुलीने गुडघा बरा होत नव्हता. एवढंच झालं, की त्याच्या पोरांपैकी चौघे सुट्टीत त्याला भेटून आले.

पुढे मी तीस वर्षं निरनिराळ्या ऑफिसांत काढली. नवीन क्लार्क आला की मी त्याला एकच सांगायचो. चूक सगळ्यांकडून होते, ती कळली की त्याच दिवशी सांग. दुसऱ्या दिवशी ती चूक राहत नाही, लबाडी होते.