जनरेटर आणि आईचं तिकीट

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलला बर्फ फारसा पडत नाही, पण हिवाळ्यात पाऊस झाडांवरच गोठतो. फांद्या तारांवर मोडून पडतात आणि वीज जाते. नव्वदच्या दशकातल्या त्या डिसेंबरात ती गेली, तेव्हा आई नुकतीच नागपूरहून आली होती. दोन दिवस ती रजई गुंडाळून सोफ्यावर बसून होती. वीज आल्यावर म्हणाली, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून दे."

ती मार्चपर्यंत राहणार होती. बाबा गेल्यापासून मी तिला बोलवत होतो. म्हणजे बोलवतो आहे, असं स्वतःला सांगत होतो. अखेर ती आली, आणि मी तिला थंडीत कुडकुडत बसवलं, हे मनातून जाईना. तिकिटाचं बघतो म्हणालो आणि जनरेटर बघायला गेलो.

"आईंसाठी घेतोयस की स्वतःसाठी?" बायकोने विचारलं.

"दोघांसाठी," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

जनरेटर गॅरेजच्या मागे, खिडक्यांपासून लांब बसवला. घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या फर्नेसचा पंखा, फ्रिज, हॉलचे दिवे आणि स्वयंपाकघरातला एक प्लग, एवढंच इलेक्ट्रिशियनने त्याला जोडून दिलं. मग मी वीज जायची वाट पाहू लागलो. समोरच्या घरात एक म्हातारी अमेरिकन बाई एकटी राहत होती, आणि मी मनात वादळ मागत होतो. लाज वाटायची, तरी रोज हवामानाच्या बातम्या लावायचो.

जानेवारीत वीज गेली. मशीन घरघरलं, दिवे लागले, घर उबदार राहिलं. तरी आई खिडकीपाशीच उभी.

"थंडी वाजतेय का?" मी विचारलं.

"थंडीचं काय घेऊन बसला बाप्पा! आपल्याकडं लाइन गेली की सारे दाराबाहेर येतात. इथं दारं लावून घेतात. मागच्या वेळी दोन दिवस शेजारपाजारचा आवाज नाही ऐकला मी. समोरची ती बाई एकटीच हाय ना? आण तिला."

समोरच्या आजी कोट-टोपी घालून आल्या. जवळच्या अपार्टमेंटमध्ये राहणारं आमच्या नागपूरचंच एक नवं जोडपं फोन केल्यावर आलं. "जय भीम, काकू," म्हणत दोघं आईच्या पाया पडले. एकच प्लग, त्यामुळे आधी विजेच्या कुकरमध्ये भात, मग विजेच्या किटलीत चहा, असा क्रम आईने लावून दिला. नवरा म्हणाला, "काकू, टीव्ही लावू का?"

"टीव्हीच पाहाचा असन तर जा घरी!"

सगळे हसले. समोरच्या आजींना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या. मग आई मराठीत आणि त्या इंग्रजीत, दोघींचं बराच वेळ चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी वीज आली, मंडळी घरी गेली. तिकिटाचा विषय आईने काढला नाही. मलाही विचारायचं धाडस होईना.

जनरेटर अधूनमधून चालवून बघावा लागतो. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी तो सुरू केला. सगळीकडे वीज होती. थोड्या वेळाने बेल वाजली. समोरच्या आजी केक घेऊन दारात उभ्या. "आवाज ऐकला," म्हणाल्या.

आईने चहा ठेवला. मी धीर करून विचारलं, "तिकिटाचं काय करू?"

"मार्चचं हाय ना? राहू दे," ती कप पुसत म्हणाली. "अन् पुढच्या शनिवारी पण चालव ते मशीन."