अवेताश मावशीची साक्ष

आमची अवेताश मावशी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. अस्माराच्या बाजारात ती दिसली की मिरचीवाला आपोआप काटा सरळ धरायचा. अशी बाई ओरेस्तेसारख्या मुखदुर्बळ इटालियन मेकॅनिकवर कशी भाळली, हे कोडं मला कधी सुटलं नाही. तो ट्रक दुरुस्त करायचा, ती घर सांभाळायची. संध्याकाळी दोघं एकाच ताटातला इंजेरा, म्हणजे आमची आंबूस भाकरी, खायची आणि पहिला घास तो तिला भरवायचा. आमच्यात नवरा-बायको असंच जेवतात.

तेव्हा आमच्यावर इटलीचं राज्य होतं. मग रोमहून कायदा आला. गोऱ्यानं काळ्या बाईकडे जाणं गुन्हा नव्हता, तिच्याशी संसार मांडणं गुन्हा होता. पाच वर्षांपर्यंत कैद. कुणीतरी चुगली केली आणि पोलिसांनी ओरेस्तेला उचललं.

ओरेस्तेच्या वकिलानं मावशीला पढवलं. "मायाबिया काही नव्हती म्हणायचं. तू मोलकरीण. तो बोलवायचा, तू जायचीस. बस्स."

"म्हणजे मी बाजारबसवी म्हणून सांगू?"

"तसं सांगितलंस तर तो सुटेल. बायको म्हणालीस तर आत जाईल. बघ बाई."

माझी आई तिच्यावर उखडली. "जाऊ दे त्याला खड्ड्यात! चारचौघांत अब्रू घालवलीस तर बाबा दारात तरी उभं करतील का तुला?"

"त्याचं पोट नाजूक आहे गं," मावशी म्हणाली. "तुरुंगातल्या अन्नावर तो मरेल."

कोर्टात आधी ओरेस्ते उभा राहिला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "ती नोकर आहे. तिच्याबद्दल मला काहीही वाटत नाही." मावशीला हायसं वाटलं. वकिलानं शिकवलेलं यानं छान पाठ केलंय, असं तिच्या मनात आलं.

मग न्यायाधीशानं तिला विचारलं, "तू आणि हा एका ताटात जेवत होतात?"

"छे! साहेबांचं झालं की उरलंसुरलं मी चुलीपाशी खायचे."

"तुला ताप आला तेव्हा यानं औषध आणलं म्हणतात."

"खेचर आजारी पडलं तरी मालक औषध आणतोच की."

सगळं कोर्ट हसलं. ओरेस्ते सुटला.

आजोबांनी तिचं नाव टाकलं. पोलीस कधीही घरात डोकवायचे, म्हणून कोर्टात सांगितलेलं घरातही पाळावं लागलं. तिचं अंथरूण स्वयंपाकघरात गेलं, ताट वेगळं झालं. सुरुवातीला ओरेस्ते मान खाली घालून, चोरासारखा जेवायचा. मग पोटभर जेवू लागला. पुढे पुढे मीठ कमी पडलं की ओरडायलाही लागला. मावशी आम्हाला सांगायची, "पोलिसांना ऐकू जावं म्हणून ओरडतो."

लढाईत इटली हरली, इंग्रज आले, आणि त्या कायद्याला कुणी विचारेना. मावशीनं ठेवणीतला पांढरा झगा घातला आणि ओरेस्तेसमोर उभी राहिली. "चल, पाद्रीबाबांकडे. आता कोण अडवतंय?"

"वेड लागलंय का? भर कोर्टात तू काय सांगितलंस ते सगळ्या गावानं ऐकलंय. हसतील मला."

"तुझ्यासाठी सांगितलं ना मी!"

"बरं, बरं. कॉफी टाक."

तिनं टाकली! मला अजून संताप येतो. आजोबा गेल्यावर आई तिला आणायला गेली, तरी ती आली नाही. मोठी झाल्यावर मी एकदा तिला तोंडावर विचारलं, "एवढी तिखट तू, मग इथं का कुजतेस? आमच्या घराला दार नाही का?"

ती लसूण सोलत होती. "येऊन लोकांना काय सांगू? कुणासाठी अब्रू घालवली म्हणून?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, त्या दिवशी आम्ही दोघंही खोटं बोललो. तो खरंच बोलला होता गं. खोटं बोलले ती मी एकटी."

आतून ओरेस्तेनं हाक मारली. "आले, साहेब," म्हणत ती उठली.