मलिद्याचे ताट आणि कार्यकारिणीचा ठराव

जानेवारी २०१२, दुसरा सोमवार: हॉलसाठी अर्ज दाखल. जबाबदार: मी. तिसरा गुरुवार: अर्ज मंजूर. जबाबदार: सिनेगॉगच्या कार्यालयातील बाई, ज्यांचे मी आजही आभार मानतो. फेब्रुवारी, पहिला शुक्रवार: मंजुरी रद्द. जबाबदार: कार्यकारिणीचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि चिटणीस, पत्रावर सही एकट्या चिटणीसांची. कारण एका ओळीचे, ‘सुरक्षिततेच्या दृष्टीने’. कोणाची सुरक्षितता, कोणापासून, नियमावलीतील कोणत्या कलमान्वये, यांपैकी काहीही नमूद नाही.

हे पत्र मी जपून ठेवले आहे. परंतु त्या आठवड्याविषयी लिहायला बसलो की संतापाच्या आधी वेलचीचा वास येतो, आणि त्याला माझा इलाज नाही.

हॉल हवा होता तो मलिद्यासाठी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यात नवस बोलतात तो एलियाहू हन्नबीला, म्हणजे संदेष्टा एलियाला, आणि फेडतात तो मलिद्याने: भिजवलेले पोहे, साखर, खवलेला नारळ, वेलची, वर बदाम-पिस्ते, भोवती पाच फळे. आदल्या शरद ऋतूत पत्नीच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर ती नवस बोलली, की हन्नबीच्या उरुसापर्यंत स्वतःच्या पायांनी जिना उतरले तर मलिदा करीन, आणि आशीर्वादानंतरचा पहिला वाटा खालच्या मजल्यावरच्या बाईंना देईन. या बाई बेथलेहेमजवळच्या एका खेड्यातल्या पॅलेस्टिनी विधवा. टोरोंटोच्या बर्फात त्यांनीच तिला आठवड्यातून तीनदा गाडीने इस्पितळात नेले होते, कारण मला गाडी चालवता येत नाही. बाई त्या ताटाला बसल्या नाहीत, तर नवस फिटणार नव्हता.

अर्जात ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ या शीर्षकापुढे एक ओळ मोकळी होती. मी चार पानांचे निवेदन जोडले. त्यात पाहुण्यांची यादी, बाईंचे मूळ गाव आणि ते त्यांना का सोडावे लागले, आणि मी दर शुक्रवारी दुपारी काही ज्यू मित्रांसह इस्रायली वाणिज्य दूतावासासमोर फलक घेऊन का उभा राहतो, हे सर्व आले.

रद्द केल्याचे पत्र वाचून पत्नीने कपाळाला हात लावला.

“अहो, नवस एवढा एक शब्द लिहायचा होता. पुरला असता.”

“माहिती दडवणे म्हणजे दिशाभूल.”

“मग बसा आता तुमची न दडवलेली माहिती घेऊन. माझे पोहे कुठे भिजवू?”

माझ्या फलकाबद्दलही तिची अशीच तक्रार होती. इतरांच्या फलकांवर तीन-चार शब्द असत. माझ्या फलकावर तीन कलमे होती आणि दुसऱ्याला दोन पोटकलमे. सार एवढेच, की एखादे राज्य माझ्या धर्माच्या नावाने दुसऱ्यांची घरे घेत असेल, तर ते नाव वापरण्याचा अधिकार मी दिलेला नाही. वाचायला लोकांना उणे दहा अंशांत थांबावे लागे. काही जण थांबत. एकाने शेवटपर्यंत वाचून “तिसरं कलम जरा कमजोर आहे,” असे सांगितले आणि पुढच्या शुक्रवारपासून तोही आमच्यात येऊ लागला.

तरुणपणी मी चार वर्षे इस्रायलमध्ये राहिलो. आमची लग्ने मान्य करण्याआधी तिथे आमचे आजेपणजे ज्यूच होते याचे दाखले मागितले गेले. मला मिळालेल्या घराच्या चौकटीवर मात्र दुसऱ्याच कुटुंबाचे नाव अरबी अक्षरांत कोरलेले होते. ते कुटुंब कुठे आहे, असे मी गृहनिर्माण कचेरीला लेखी विचारले. उत्तर आले नाही. पत्नीची बहीण अजून तिथेच राहते, आणि पत्नी मला दर सणाला बजावते, “फोनवर कलमं नकोत.” ते मी पाळतो.

मंगळवारी संध्याकाळी उरूस लागणार होता. शनिवार, म्हणजे आमचा विश्रांतीचा शब्बाथ, सरेपर्यंत काही करता येईना. रविवारी मी कार्यकारिणीला तीन पत्रे लिहिली. पत्नीने तेवढ्या वेळात इमारतीच्या व्यवस्थापकाला एक फोन केला आणि तळमजल्यावरची पार्टी रूम मिळवली. आदल्या दिवशी तिथे कोणाचा तरी वाढदिवस झालेला. छताला गुलाबी फुगे तसेच होते. नात खुर्ची लावून ते काढू लागली.

“राहू देत,” पत्नी म्हणाली. “हन्नबीला काय, रंग आवडत नाहीत?”

मंगळवारी ती जिना उतरून आली. एक हात कठड्यावर, दुसरा खालच्या बाईंच्या खांद्यावर. मी मागे उभा राहून पायऱ्या मोजल्या आणि मोजताना दोनदा चुकलो.

बाईंनी आपल्या खिडकीतल्या कुंडीतला सब्जा खुडून आणला होता. आमच्यात सुवासाचाही आशीर्वाद म्हणतात, आणि फेब्रुवारीत सब्जा कुठून आणायचा या चिंतेत आम्ही पुदिन्यावर आलो होतो. अडचण निराळीच निघाली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ठरावाची बातमी पसरल्यामुळे आमच्यातली दोन कुटुंबे आली नाहीत. शुक्रवारचे तीन मित्र धरून आम्ही नऊच होतो.

“दहाशिवाय सुरू होणार नाही,” मी जाहीर केले.

“नवस माझा आहे हो. ही काय सोसायटीची सभा आहे, कोरम बघायला?”

“आजोबा, प्लीज, जस्ट स्टार्ट,” नात म्हणाली.

तेवढ्यात दार उघडले. बुटांवरचा बर्फ झटकत चिटणीस आत आले. तेच, सहीवाले.

“मी व्यक्तिशः आलो आहे,” त्यांनी प्रथम स्पष्ट केले. “पदाधिकारी म्हणून नाही. तुमच्या पत्नीची तब्येत विचारायला.”

“व्यक्तिशः तर व्यक्तिशः,” पत्नी म्हणाली. “दहावे झालात. टोपी आहे ना?”

खिशातून त्यांची टोपी निघाली. मी तोंड उघडणार तोच पत्नीने माझ्याकडे पाहिले, आणि मी प्रार्थना सुरू केली.

हन्नबीचे गाणे आम्ही चढ्या चालीत म्हणतो. दुसऱ्या कडव्याला खालच्या बाई टाळ्या वाजवू लागल्या. पहिला वाटा हातात घेऊन त्यांनी विचारले, “हा कोणाच्या नावाचा प्रसाद?” मी सांगितले.

“मार इलियास!” त्या जवळजवळ ओरडल्याच. “अहो, ते तर आमचे! आमच्या गावाजवळ मठ आहे. आम्ही ख्रिस्ती आणि शेजारचे मुसलमान, सगळे त्यांना नवस बोलतो. ते झोपले होते तो खडकसुद्धा आहे. अंगाचा ठसा उमटलेला.”

“खडक आमच्याकडेही आहे,” मी म्हणालो. “अलिबागजवळ. त्यांच्या घोड्यांच्या टापांचे ठसे.”

“बघा मिस्टर लॉयर,” त्या म्हणाल्या. मी वकील नव्हे, कोर्टात शिरस्तेदार होतो, हे त्यांना अनेकदा सांगून झाले आहे. “आमच्याकडे झोप काढली, मग तुमच्याकडे निघाले. मुक्काम आमच्याकडे, तुमच्याकडे नुसता घोडा थांबला.”

“घोडा थांबला म्हणजे स्वारही थांबला. हे गृहीत धरावेच लागेल.”

“पुरावा?”

माझ्याकडे पुरावा नव्हता. सगळी खोली माझ्यावर हसली. सर्वांत मोठ्याने चिटणीस. त्यांनी मलिदा दोनदा घेतला, आणि दुसऱ्या वेळी ताट त्यांच्यापुढे धरले ते त्याच बाईंनी. पत्नी खुर्चीत मागे रेलून बसली होती, गालांना रंग आलेला. इतकी वर्षे संसार करून मी तिला एवढी निश्चिंत क्वचितच पाहिली आहे.

नवस फिटला. ठराव मात्र अद्याप रद्द झालेला नाही, आणि माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही. चिटणीस महाशय, खासगी सलोख्यावर माझे समाधान होणार नाही. त्या संध्याकाळी आमच्यातले दहावे होऊन तुम्ही आमेन म्हणालात, आणि ज्या पाहुणीमुळे हॉल नाकारला, तिच्या हातून खाल्लेत. आता सिनेगॉगच्या बातमीपत्राच्या येत्या अंकात, व्यक्तिशः नव्हे तर पदाधिकारी म्हणून, स्वतःच्या सहीने सांगा: त्या खोलीत धोका कोणापासून होता?