मोर आणि टेन्शन

नार्नूरला मी एका पिठाच्या गिरणीची मोटर उघडून बसले होते. दोन्ही हात ग्रीसनं भरलेले. तेवढ्यात शेठचा फोन. शेठ म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. आदिलाबादला आमचं पॉवर टूल्सचं दुकान आहे. विक्री ते बघतात, सर्व्हिस मी बघते. त्यांना मशीन विकता येतं, उघडता येत नाही.

“मॅडम, वो कोलियरीवाले काका का फोन था. मशीन की पट्टी लाइन छोड़ के जा रही बोले. काटूँ क्या रुकूँ, पूछ रहे.”

“ब्लेड में टेन्शन नहीं है, बोलो उनको,” मी मोटरीत डोकं घालूनच ओरडले. रेंज तुटत होती. शेठ “अच्छा, अच्छा” म्हणाले आणि फोन कटला. मी पुन्हा मोटरीला लागले.

कोलियरीवाले काका म्हणजे मधुकरराव. बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या ऑफिसात नोकरी झाली, रिटायर झाल्यावर आदिलाबादला घर बांधलं. त्यांनी आमच्याकडून स्क्रोल सॉ घेतली होती. ही टेबलावर ठेवायची छोटी विजेची करवत. शिलाई मशीनची सुई जशी वरखाली होते, तसं हिचं दोऱ्याएवढं पातं वरखाली होतं. फळी आपण हातानं फिरवायची. जाळी, अक्षरं, वेलबुट्टी असलं नाजूक काम हिच्यावर होतं. पातं दोन्ही टोकांना पकडलेलं असतं आणि ते ताठ ओढलेलं लागतं. या ताठपणाला आमच्या धंद्यात टेन्शन म्हणतात. ते गेलं की पातं लाकडात वाकतं, रेघ सोडतं आणि शेवटी फळीलाच उचलून आपटतं.

घ्यायला आले तेव्हा काकांचा डोळा एका हलक्या, स्वस्त मशीनवर होता.

“ते नका घेऊ,” मी म्हटलं. “हलकं मशीन थरथरतं, रेघ सरळ येत नाही. शिवाय त्याला पिनवालं पातं लागतं. पातं फळीत ओवायचं तर टोकाची पिन आत जायला मोठं भोक पाडावं लागतं. तुम्हाला कापायचंय काय?”

“मोर.”

“मग मोराच्या डोळ्यात एवढं भोक पाडणार का? बिनपिनचं घ्या, जड घ्या.”

“डोळ्याचा इचार केला तुमी,” काका खूश होऊन म्हणाले. “बस, हेच द्या.”

मग मोराचं सांगितलं. नव्या देवघराच्या दारासाठी काकूंनी सागवानी फळीवर पेन्सिलनं मोर काढला होता. मान वळवून मागे बघणारा, पिसारा मिटलेला. सुतार मिळेपर्यंत काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळायला लागलं. त्या हातानं आता चमचासुद्धा धरवत नव्हता. सुताराला तो मोर द्यायचा काकांना धीर होईना. म्हणून स्वतः शिकायचं ठरवलं.

“काका, मोर कागदावर उतरवून घ्या,” मी म्हटलं. “झेरॉक्स दुसऱ्या फळीवर चिकटवा आणि तो कापा. बिघडला तर बिघडला. सगळे असंच करतात.”

“नाई. तिनं काढला तोच कापतो. झेरॉक्स देवघराले लावू काय?”

माणूस हट्टी, पण कामाला पक्का. कितीतरी दिवस प्लायवुडच्या तुकड्यांवर हात बसवला. पाती कशी बदलायची, दात खाली ठेवायचे की वर, भुसा किती वेळा झटकायचा, पातं धरणाऱ्या दांड्याच्या जोडाला तेल कधी द्यायचं, सगळं फोन करकरून विचारलं. कंटाळा यायचा मला, पण असं गिऱ्हाईक आवडतंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. पातं कसून द्यावं आणि मोर कुठवर आलाय तेही बघावं, असं मनात होतं. काकांनी दार उघडलं आणि ते आत वळले. फळी जेवणाच्या टेबलावर होती. दोन तुकडे. चीर मोराच्या मानेतून गेली होती. बारीक कपच्या त्यांनी वेचून स्टीलच्या ताटात ठेवल्या होत्या.

“हे कसं झालं?”

“पातं लाइन सोडून राह्यलं होतं. मंग फळीच उडाली.”

“पण काल निरोप दिला होता ना! कापलं काऊन मग?”

“निरोप भेटला म्हणूनच तं कापलं,” काका म्हणाले. “शेठ म्हणले, मॅडमनं सांगतलं, टेन्शन नाई.”

शेठनं माझा शब्दन् शब्द पोचवला होता, फक्त त्यातलं ब्लेड गाळलं होतं. आपल्याकडे ‘टेन्शन नाही’ म्हटलं की माणूस काय समजतो? बिनधास्त चालू दे. काका तेच समजले.

मी मशीन उघडलं. जाळीचं काम करताना प्रत्येक भोकापाशी पातं सोडून आत ओवावं लागतं आणि पुन्हा ताणावं लागतं. काका दर वेळी पकडीनं स्क्रू आवळत होते. त्यानं आटे झिजले होते आणि मशीन चालू झालं की स्क्रू आपोआप ढिला पडायचा. मी नवा स्क्रू बसवला. भुसा काढला, तेल दिलं, नवं पातं लावून ताणलं. नखानं छेडलं तर टण्ण वाजलं. असं वाजलं की समजायचं, ताण बरोबर आहे. प्लायवुडवर एक वळण कापून पाहिलं. लोण्यासारखं कापलं. मला त्या मशीनचा रागच आला.

“चिकटन काय हे?” काकांनी विचारलं.

“फळी चिकटेल. मान नाही चिकटणार, काका. तिचा भुगा झालाय.”

काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. आता एकेक शब्द जुळवत बोलल्या.

“मी... सांगत होती ह्यायले. थांबा म्हणून. रेघ सोडली ते... दिसून राह्यलं होतं मले.”

“म्या म्हणलं, टेन्शन नाई,” काका खाली बघत म्हणाले. “मॅडमनं सांगतलं.”

“मोर मी काढला,” काकू म्हणाल्या. “अन् तुमी इचारलं... दुकानाले.”

मी हत्यारं भरली. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. दुसरी सागवानी फळी मी आणून दिली असती. तसा मोर पुन्हा काढणारा हात कुठून आणणार?

देवघराला साधं काचेचं दार लागलं. पुढे काकांनी मशीन विकायला आमच्याच दुकानात आणून ठेवलं. एवढं चांगलं, जवळजवळ नवं मशीन का विकलं, असं गिऱ्हाइकं विचारतात. मी म्हणते, त्यांना आता वेळ नाही.

फोनवर टेन्शन हा शब्द मी टाकून दिलाय. पातं ढिलं असेल तर ढिलं म्हणते. त्याच्याही आधी, मशीन बंद करा, असं सांगते. मग विचारते, शेजारी कोण बसलंय? त्यांना काय दिसतंय, ते विचारून घ्या. शेठ म्हणतात, अशानं गिऱ्हाईक घाबरतं. घाबरू दे.