स्लॅबच्या साली जन्मलेली फुलमती

नागपुरात प्लास्टर न झालेली अशी एकही इमारत नसेल, जिथे माझ्या बायकोच्या आत्याबाईंना कुणी ओळखत नाही. प्लास्टर झालं, रंग लागला, लोक राहायला आले, की मग तिथे त्यांना कुणी ओळखत नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. उमरेडच्या विणकराच्या घरची ही लेक सत्तरीला टेकली आणि इकडे बेसा भागात आमच्या शेजारी राहायला आली. तेव्हापासून त्यांचा एकच उद्योग : परगावाहून आलेल्या मजुरांची, बांधकामावर दिसतील ती पोरं शाळेत घालणं. इतर माणसं भेटल्यावर ‘जेवण झालं का’ विचारतात, या सिमेंटचा ट्रक थांबवून ‘पोरगी शाळेत जाते का’ विचारतात. माझ्या एकसष्टीला त्यांनी वाढणाऱ्या बायकांकडे अशा चौकशा आरंभल्या की पंगतीला वडाभात थंडगार मिळाला. मी कुरकुरलो, तर म्हणाल्या, “एकसष्ट वर्षं गरमच खाल्लं ना, जावईबापू?”

सरकारी कचेरीत त्या स्वतःचं घडीचं स्टूल आणि सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा घेऊन जातात. साहेब नाहीत म्हटलं की स्टूल उघडतं, साहेब आले की डबा उघडतो. अर्ज नाकारणारे साहेब मी चिक्कार पाहिले, सांबारवडी नाकारणारा अजून पाहायचा आहे.

माझं म्हणाल, तर मी शिक्षण खात्यातला निवृत्त हेडक्लार्क. माझ्या टेबलावरून जोडपत्रांच्या यादीशिवाय एक चिठोरा कधी पुढे सरकला नाही, आणि याचा मला भयंकर अभिमान. त्या अभिमानानेच फुलमतीचा घात होता होता राहिला.

फुलमती छत्तीसगडहून आलेल्या एका मजूर जोडप्याची लेक. आईबाप स्लॅबवर, ही तिसऱ्या मजल्याच्या बिनकठड्याच्या गॅलरीत एकटी. आईचा जीव दिवसभर वर टांगलेला. शेवटी ठरलं, या आठवड्यात शाळेत नाव लागलं तर ठीक, नाही तर रविवारच्या गाडीने पोरगी गावी, आजोबांच्या बकऱ्या राखायला. आत्याबाईंनी जवळच्या शाळेचे हेडमास्तर वडी खाऊ घालून तयारही केले होते. कागद नसले तरी पोराला प्रवेश द्यायचा, हा कायदाच आहे. फक्त चार ओळींचा अर्ज हवा होता, तो त्यांनी मला लिहायला सांगितला.

मी दोन पानं लिहिली. शेवटी सवयीने यादी जोडली : जन्मदाखला, नाही. आधीच्या शाळेचा दाखला, नाही. रहिवासी पुरावा, नाही. अशी अकरा कलमं, खाली दुहेरी रेघ. जे हेडमास्तरांच्या मनातही नव्हतं, ते सगळं मी त्यांना क्रमवार सुचवलं. त्यांनी यादीवर बोट ठेवलं आणि निदान वयाचा तरी पुरावा आणा म्हणाले.

घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, “दार उघडं होतं, जावईबापू. तुमी कुलूप घेऊन गेले.”

शनिवारी वरात पुन्हा निघाली : आईबाप, फुलमती, स्टूल, आणि डबा धरायला मी. हेडमास्तरांनी आईला विचारलं, मुलगी कधी झाली? आता, ही माणसं साल मोजत नाहीत, स्लॅब मोजतात. थोरला मुलगा रायपूरच्या दवाखान्याच्या पायाच्या वेळचा. धाकटीचं, म्हणजे फुलमतीचं, विचारल्यावर बाई जरा वर बघत राहिली.

“इसी का स्लैब पड़ा था, साहब,” ती म्हणाली. “शाम को ये छत पड़ी, सुबह ये हुई.”

हेडमास्तरांनीही वर पाहिलं. मग उठून व्हरांड्यातल्या संगमरवरी पाटीपाशी गेले. वरच्या मजल्याच्या उद्घाटनाची तारीख तिथे कोरलेली होती. स्लॅबनंतर उद्घाटनाला किती महिने गेले ते बापाने बोटांवर मोजून दिलं. हेडमास्तर परत आले, आईबापांचं म्हणणंच लेखी घेतलं, फुलमतीला चौथीत बसवलं, आणि माझी यादी घडी घालून माझ्या खिशात ठेवली. “ही असू द्या तुमच्याकडेच,” म्हणाले. मला वडी मिळाली नाही.

वर्षाने फुलमतीच्या गॅलरीची ती इमारत पुरी झाली आणि मंडळी हैदराबादला निघाली. शाळा सोडल्याचा दाखला आत्याबाईंनी स्वतः आणला, प्लास्टिकमध्ये घालून फुलमतीच्या दप्तराच्या अस्तरात शिवला. मी म्हटलं, पोरगी तर चालली, आता काय उपयोग? टाका घालता घालता त्या म्हणाल्या, “धागा तं तुटतेच. टोक सापडलं पाहिजे, मंग जोडता येते.”

जूनअखेर आईचा फोन आला. नव्या शाळेने दाखला घेतला, पाचवीत बसवलं. मागून फुलमती काहीतरी म्हणत होती, पण तिकडे काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, नीट कळलं नाही. आत्याबाई ‘हो, हो’ म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही फिरायला निघालो. फुलमतीच्या गॅलरीला आता कठडा आहे, कठड्याआड तुळस आहे. आत्याबाई तिथे थांबल्या, तसं वॉचमनने कुणाकडे जायचं म्हणून विचारलं. “कुनाकडेच नाई,” म्हणाल्या. त्यानंतरची दोन बांधकामं त्यांनी मान वर न करता ओलांडली. मला काळजीच वाटू लागली. तिसऱ्याच्या पत्र्याच्या फटीपाशी मात्र त्या वाकल्या, बराच वेळ आत पाहत राहिल्या, आणि मागे न वळता म्हणाल्या, “पेन आहे ना, जावईबापू? चार ओळी. चारच.”