ओरिजिनल पोलादपूरला

"हे ओरिजिनल नाही," काउंटरमागचा अधिकारी हिंदीत म्हणाला आणि सुमनकाकूंचं मतदान कार्ड त्याने काचेखालून परत सरकवलं.

आम्ही भूतानच्या दारात उभे होतो. अगदी खऱ्याखुऱ्या दारात. बंगालमधलं जयगाव संपतं तिथेच भूतानचं फुन्शोलिंग सुरू होतं. मध्ये भिंत, गाड्यांसाठी एक रंगीत कमान आणि बाजूला चालत जाणाऱ्यांसाठी वेगळी वाट. त्या वाटेवर इमिग्रेशनचं ऑफिस. इकडच्या दाराने आत शिरायचं, कागद दाखवायचे, ठसे द्यायचे, फोटो काढून घ्यायचा आणि पलीकडच्या दाराने परदेशात बाहेर पडायचं. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण चालत सीमा ओलांडायची वेळ आली की मी अजूनही जरा हळू चालतो. इकडे हॉर्न, भजी, रिक्षा. तिकडे चार पावलांवर शांतता आणि धुपाचा वास. घड्याळसुद्धा तिकडे अर्धा तास पुढे.

मी सलीम, महाडचा. टूर काढतो. माझे वडील लोकांना गल्फला पाठवण्याचं काम करत, त्यामुळे दुसऱ्याच्या कागदाकडे संशयाने बघायची सवय मला घरातूनच लागली. बायको रेहाना ऑफिस सांभाळते, मी ग्रुप घेऊन फिरतो.

भूतानला आपल्याला काहीच लागत नाही, असं लोकांना वाटतं. व्हिसा लागत नाही, हे खरं. पण परमिट लागतं. म्हणजे अमुक माणूस अमुक दिवस आमच्याकडे राहू शकतो, अशी त्या देशाची परवानगी. त्यासाठी पासपोर्ट हवा, नाहीतर मतदान कार्ड. आधार चालत नाही. कार्डांचे स्कॅन आधी ऑनलाइन पाठवावे लागतात. ते मी पाठवले होते, मंजूरही झाले होते. सीमेवर फक्त ओरिजिनल दाखवायचं. आमच्या धंद्यात 'फक्त' हा शब्द आला की समजायचं, माशी इथेच शिंकणार.

काकूंचं कार्ड मी पुन्हा हातात घेऊन बघितलं. रंगीत झेरॉक्स, दोन्ही बाजू बरोबर जुळवलेल्या, वर लॅमिनेशन. काम इतकं सुबक की मुंबईच्या विमानतळावर मी स्वतः तपासलं तेव्हाही मला कळलं नव्हतं. अधिकाऱ्याने नखाने होलोग्राम चाचपला होता. तिथे होलोग्रामचा नुसता फोटो होता.

"काकू, ओरिजिनल कुठंय?"

"आहे ना."

"कुठे?"

"पोलादपूरला. अर्जुनकडे."

"मी ग्रुपवर लिहून लिहून थकलो, ओरिजिनल आणा म्हणून."

"अरे सलीम," काकू मला समजावत म्हणाल्या, "ओरिजिनल कुणी घेऊन फिरतं का?"

माझा पारा चढला, पण मी कार्ड त्यांना परत दिलं. यावर महाडकराने वाद घालण्यात अर्थ नाही. सावित्री नदीचा मोठा पूर आला तेव्हा आमच्या गावाने चिखलातून कागद उपसून काढलेत. दहावीच्या मार्कशीटा, घराचे उतारे, रेशन कार्डं दोरीवर कपड्यांसारखी वाळत घातलेली मी पाहिलीत. त्यानंतर पुष्कळ घरांत एक रीत पडली. ओरिजिनल कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे, कापडी पिशवीत घालायचे, पिशवीचं तोंड शिवून टाकायचं आणि पाऊस लागायच्या आत उंचावरच्या नातेवाइकाकडे पोचवायची. हिला आम्ही पुराची पिशवी म्हणतो. दिवाळी झाली की ती परत येते. तोवर घरात झेरॉक्सवर भागवायचं. काकूंचं घर चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, आणि भाऊ अर्जुन पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एका वाडीत. तिथवर पाणी चढायचं तर आधी अख्खा जिल्हा बुडायला हवा. दिवाळी अजून व्हायची होती.

काकूंचे यजमान वसंत सर, त्यांचं कार्ड मात्र खरं होतं. सर निवृत्त शिक्षक, निवडणुकीच्या ड्युट्या केलेले, कार्ड कायम पाकिटात. मला शाळेत त्यांनीच भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशावर भूतान एवढंसं होतं, त्यावर त्यांचं बोट ठेवलं की देश झाकला जायचा. "इथे घराघरावर पताका असतात," ते सांगायचे. "आणि पारोजवळ एका कड्यावर मठ आहे. तो पडत कसा नाही, हे मला कधीतरी बघायचंय."

आता त्यांना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, बाजूचं आणि पायाखालचं दिसत नव्हतं. जे बघायचंय ते लवकर बघून घ्या, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून ही ट्रिप. कड्यावर चढायचं नव्हतं, खालूनच बघायचं होतं. काकू त्यांच्या अर्धं पाऊल पुढे चालायच्या आणि हलक्या आवाजात "पायरी", "उतार", "दगड" असं सांगत जायच्या. बाजूच्या माणसाला ऐकूही जायचं नाही.

"यांचं परमिट झालंय," अधिकारी सरांकडे बघून म्हणाला. "हे जाऊ शकतात."

"तुम्ही जा हो," काकू म्हणाल्या. "सलीम आहे बरोबर. मी हॉटेलवर बसते."

सरांनी मान हलवली. "तिचं झालं की दोघं जाऊ."

"सर, ग्रुप मंगळवारी सकाळी मठ बघून परत फिरणार. पुढची बुकिंगं बदलता येणार नाहीत. आज शनिवार आहे."

"मग मंगळवारपर्यंत थांबू."

"आणि नाही झालं तर?"

"तर नकाशात बघितलंय की मी."

मला त्यांचा रागही आला आणि भरूनही आलं. भूतानमध्ये ग्रुपबरोबर तिथला गाईड असावाच लागतो. आमचा सोनम जुना, भरवशाचा. बाकीच्या मंडळींना मी त्याच्याबरोबर पुढे पाठवलं. ती पलीकडच्या दाराने बाहेर पडली, वळून हात हलवले आणि अर्धा तास पुढच्या देशात निघून गेली. आम्ही तिघं उलट फिरलो आणि परत भज्यांच्या वासात आलो.

जयगावच्या हॉटेलातून मी अर्जुनला फोन लावला. "अर्जुनदादा, पिशवी उघडा, त्यातलं काकूंचं मतदान कार्ड काढा. रेहाना न्यायला येते, ती कुरिअर करेल."

तो म्हणाला, "पिशवी मी कुणाच्या हाती देनार नाय."

"पिशवी नको. कार्ड द्या."

"पिशवीला टाका हाय," तो म्हणाला. तेवढ्यात रेंज गेली.

तासाभराने रेहानाचा फोन आला. ती त्याच्या वाडीवर पोचली होती. "हा माणूस काही ऐकत नाहीये," ती म्हणाली. "म्हणतो, मी स्वतः नेऊन देतो. काय करू?"

"विमानात बसलाय का कधी?"

"मुंबईलासुद्धा दोनदाच गेलाय म्हणे."

"काढ तिकीट," मी म्हणालो. कुरिअर सोमवारी पोचेलच याची खात्री मलाही नव्हती. मध्ये रविवार होता.

मग आम्हाला थांबण्यापलीकडे काम उरलं नाही. टूरवाल्याला रिकामा वेळ सोसत नाही. पण तो दीड दिवस माझ्या डोक्यात अजून मऊ धुक्यासारखा आहे. हॉटेलच्या गच्चीवरून भिंतीपलीकडचं गाव दिसायचं. लाकडी नक्षीच्या खिडक्या, स्वच्छ रस्ता, त्यावर हळू चालणारी माणसं. मागे डोंगर. ढग खाली उतरायचे, अर्धं गाव पुसून टाकायचे आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून वर जायचे. सर खुर्ची भिंतीकडे करून बसले होते. काकू त्यांना वाटेल ते सांगत होत्या. "लाल झग्यातला एक भिक्खू चाललाय. हातात मोबाईल आहे. आता भाजी घेतोय. कोबी घेतला."

"कोबी," सर हसले. "छान."

संध्याकाळी तिकडे घंटा वाजली. सर म्हणाले, "सलीम, त्यांच्याकडे आता सहा वाजले ना?"

"हो. आपल्याकडे साडेपाच."

"म्हणजे ही घंटा आपल्याला अर्धा तास आधीच ऐकू आली." अंधार पडेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मीही उठलो नाही. महाडच्या ऑफिसात मी असा कधी बसलेला मला आठवत नाही.

मनात मात्र मी अर्जुनबरोबर प्रवास करत होतो. आता तो रात्रीच्या मुंबई गाडीत असेल. आता माणगावला चहा घेत असेल. रेहाना त्याला विमानतळाच्या दारापर्यंत सोडायला गेली होती, तिथून पुढे तो एकटा. रविवारी दुपारी बागडोगऱ्याच्या विमानतळावरून आमच्या टॅक्सीवाल्याचा फोन आला, आदमी मिल गया. त्यापुढे चहाचे मळे, नद्यांची पांढरी पात्रं, साल वृक्षांचं जंगल. ही वाट मला पाठ आहे. अर्जुन ती कशी बघत असेल, हे मला कळत नव्हतं.

दिवेलागणीला तो आला. पांढरा सदरा, पायात चपला, छातीशी धरलेली निळ्या कापडाची पिशवी. डोळे तारवटलेले. झोपला नव्हता, पिशवी मांडीवर होती म्हणून.

"अरे अर्जुना," काकू म्हणाल्या, "अख्खी पिशवी कशाला आणलीस? कार्ड तेवढं काढायचं."

"तूच सांगून गेलीस ना गो ताई, टाका उसवायचा तर मीच उसवीन म्हणून."

"अरे, ते पुरासाठी."

"मला काय म्हाईत कशासाठी. सांगितलंस, ते केलं."

विमानतळावर त्याला अडवलं होतं. पिशवीत काय आहे, उघडा, असं सांगितलं. "मी बोललो, आत माझ्या बहिणीचं घर हाय. मशिनीतून बघा काय बघायचं ते, पन टाका उसवू नका. त्यांनी दोन येळा मशिनीतून काढली. मंग एक मॅडम हसली, बोलली, जाव चाचा."

काकूंनी पलंगावर बसून दातांनी दोरा तोडला. आतून प्लास्टिक, त्याच्या आत प्लास्टिक, आणि मग एकेक कागद. घराचा उतारा, लग्नाचा फोटो, सरांची नेमणुकीची ऑर्डर. काकू एकेकाकडे बघून बाजूला ठेवत होत्या. कार्ड मधेच सापडलं. रंग उडालेला, कोपरा दुमडलेला, खरं. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

सोमवारी सकाळी आम्ही पुन्हा त्याच काउंटरवर उभे राहिलो. अर्जुन दारापर्यंत आला. अधिकारीही तोच. त्याने नखाने होलोग्राम चाचपला, कार्ड उजेडाकडे धरलं आणि काकूंना बोटांचे ठसे द्यायला सांगितलं. मी तेवढ्यात विचारून बघितलं, की आमच्याबरोबर आणखी एक माणूस आहे, त्याचं काही होईल का. त्याने विचारलं, कागद कोणता? अर्जुनकडे फक्त आधार होतं. स्वतःचं मतदान कार्ड त्याला सुचलंच नव्हतं, कारण त्याला कुठे जायचं नव्हतं. अधिकाऱ्याने अगदी सौजन्याने नकारार्थी मान हलवली.

मी दारात येऊन अर्जुनला म्हणालो, "दादा, तुमच्या घरून कार्ड मागवू का? थांबा दोन दिवस. एवढं लांब आलात, दाराशी येऊन परत जाणार?"

"कापणी टाकून आलो," तो म्हणाला. "तिकडं आभाळ भरलंय. भात आडवं झालं तर गेलं."

"पण आत बघावंसं वाटत नाही?"

त्याने कमानीकडे बघितलं. तिच्यावरच्या ड्रॅगनकडे, तिच्या मागच्या डोंगराकडे. सावकाश, एकेक गोष्ट. "वाटतं की," तो म्हणाला. "पन भावजी बघून येतील. ते सांगतील नीट. मास्तर हायत."

काकूंनी आदल्या रात्री पिशवी पुन्हा शिवली होती. ती त्यांनी त्याच्या हातात दिली आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. त्याने पिशवी छातीशी धरली. आम्ही आत गेलो. पलीकडच्या दारातून बाहेर पडल्यावर मी वळून बघितलं, पण भिंत मध्ये होती.

सोनमने पाठवलेल्या गाईडच्या गाडीने आम्ही रात्री पारोला ग्रुपला गाठलं. मंगळवारी सकाळी सगळा कडा ढगात होता. मंडळी कुरकुरायला लागली. मग ढग जरासा सरकला आणि मठ दिसला. उभ्या काळ्या खडकाला पांढऱ्या भिंती आणि सोनेरी छपरं चिकटून बसलेली. सर समोर बघत उभे राहिले. काकू या वेळी काहीच सांगत नव्हत्या. ढग परत येईपर्यंत सरांची पापणी लवली असेल की नाही, मला शंका आहे. "पडत नाही," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. माझ्या ऑफिसात एक नियम वाढलाय: निघायच्या आधी प्रत्येकाचं कार्ड रेहाना नखाने खरवडून बघते. महाडकरांचं दोनदा. गिऱ्हाइकं चिडतात, पण इलाज नाही.

सरांची नजर गेली. उजेड कळतो, बाकी नाही. गेल्या पावसाळ्याआधी मी त्यांच्याकडे गेलो तर अर्जुन आलेला होता, पिशवी न्यायला. पिशवी शिवून तयार होती, पण तो उठत नव्हता. सर त्याला मठ सांगत होते. खडक कसा, छपरं कशी, ढग कुठून आला. काकू म्हणाल्या, दर खेपेला सांगतात, आणि हा दर खेपेला पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकतो. सर मध्येच अडले. "छपरं किती होती गं?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकू काही बोलायच्या आत अर्जुन म्हणाला, "चार, भावजी."